ढगावर लावलेली ताडपत्री

ताडपत्री जागेवर नाही हे भट्टीवालीला कळलं तेव्हा ढग पार डोक्यावर आले होते.

वाळवणीच्या खळ्यात कच्च्या विटा ओळीनं उभ्या होत्या. कच्ची वीट म्हणजे मातीचं तान्हं पोर. भट्टीतून भाजून निघाली की तिच्यावर मजले चढतील, पण तोवर चार थेंब अंगावर पडले तरी तोंडावर देवीचे व्रण उठतात, आणि सरीनं जरा जोर धरला की विटेची पुन्हा माती. म्हणून खोपटाच्या कोपऱ्यात ताडपत्रीची जाडजूड घडी कायम तयार असायची. घरात पीठ नसलं तर शेजारून आणता येतं, ताडपत्री शेजारून आणता येत नाही, असं भट्टीवाली म्हणायची. यंदा तर उन्हाळ्याचे दिवस असून ढग एक दिवसाआड न बोलावता येत होते, व्याह्यासारखे.

"ताडपत्री कुठं आहे?" ती खोपटातूनच ओरडली.

सून साचा टाकून कोपरापर्यंत चिखलाच्या हातांनी धावत आली. कोपरा बघितला, सासूकडे बघितलं आणि मग मागं वळून नवऱ्याकडे बघितलं. तो खळ्याच्या मधोमध मान वर करून उभा होता.

"अरे ए मुडद्या! ताडपत्री!"

"सायकलवाल्याकडे आहे," तो म्हणाला. मान खाली केली नाही.

"का? त्याच्या सायकलींना थंडी वाजते?"

उत्तर ऐकायला वेळ नव्हता. दोघी बायकांनी घर ओरबाडलं. रिकाम्या गोण्या, गोधड्या, जुनी पातळं, खाटेवरची चादर, सगळं विटांवर आलं. शेवटी भट्टीवालीनं खोपटाचं दार बिजागरीतून उपसलं आणि पाठीवर घेऊन आली. तोही मग हलला. गोण्यांवर दगड ठेवायला लागला, पण दर दगडागणिक एकदा वर बघायचा. भट्टीवालीच्या नजरेतून ते सुटलं नाही. वीट थापणारा माणूस ढगाकडे भीतीनं बघतो. हा पाहुण्याची वाट बघावी तसा बघत होता.

वारा सुटला, दोन गोधड्या उडाल्या, मोजके थेंब पडले आणि ढग पुढच्या गावाला निघून गेले. विटा वाचल्या. तो मात्र दगडावर खाली बसला, डोकं गुडघ्यात घालून.

"आता रडायला काय झालं? वाचल्या की विटा," भट्टीवाली म्हणाली.

"ताडपत्री गेली."

मग एकेक शब्द ओढून काढावा लागला. गावात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्या पत्र्याला एकच पन्हळ, आणि तिच्याखाली पंक्चर बघायचं घमेलं. दिवस मावळायच्या आत पन्हळीतून थेंब घमेल्यात पडला तर पाऊस आला. नाही पडला तर नाही आला, मग बाकी जगात पूर का येईना. त्यावर माणसं पैसे लावत. हा कित्येक दिवसांपासून लावत होता. पैसे संपले तेव्हा त्यानं ताडपत्री लावली होती.

"पाऊस येणार म्हणून?" तिनं विचारलं.

"हो."

"म्हणजे पाऊस आला असता तर ताडपत्री परत मिळाली असती."

"हो."

"आणि विटा?"

भट्टीवालीच्या जिभेवर शिव्यांचा साठा कायम भरलेला असायचा. गिऱ्हाईक, गाडीवान, सरपण विकणारा, कुणाला काय घालायची याचा तिला विचार करावा लागत नसे. पण त्या घडीला जीभ अडखळली. पाऊस यावा म्हणून पावसापासून वाचवणारी वस्तू डावावर! इतका सुबक गाढवपणा तिनं जन्मात पाहिला नव्हता. राग यायचा तो आलाच, पण त्याच्या आधी नवल आलं.

*

यापूर्वी पाण्याचं इंजिन गेलं होतं. सुनेचे पैंजण गेले होते. भट्टीवालीनं लेकाला केरसुणीनं बडवलं होतं, बापाच्या फोटोसमोर शपथ घालून झाली होती, दोनदा त्याचं देणं फेडलं होतं, एकदा खोपटात कोंडून कडीही लावली होती. सून एकदा माहेरी जाऊन परत आली होती. ती परत का आली हे कुणी विचारलं नव्हतं, कारण विचारलं तर ती खरं सांगेल ही सगळ्यांना भीती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी विटा उलथत होत्या. आदल्या दिवशी आडवी असलेली वीट कुशीवर करायची, म्हणजे दुसऱ्या अंगालाही वारा लागतो. कामात हात आणि तोंड वेगवेगळे चालतात.

"आत्याबाई, तुम्ही ह्यांना मारलंत, शिव्या दिल्यात, पैसे भरलेत," सून म्हणाली. "एकदा तरी विचारलंत का, की तिथं तुला होतं काय?"

"त्यात काय विचारायचं? खाज आहे."

"खाज कुठं आहे ते तरी बघाल ना? मी विचारलं होतं."

"मग? काय म्हणाला?"

"मला नाही सांगितलं. बायकोला सांगायची लाज वाटते म्हणे. तुमच्यापुढं नागडे वाढलेत, तुम्हाला सांगतील."

भट्टीवाली हातातल्या विटेकडे बघत राहिली. सून एवढं बोलते हेच तिला नवीन होतं. मग वीट ठेवून तिनं हात झटकले. "ताडपत्री आणायला मीच जाते," ती म्हणाली. "बघू तरी, तिथं कोणतं सोनं गळतं."

ताडपत्रीच्या बदल्यात तिनं हातगाडीवर पक्क्या विटा घेतल्या. सायकलवाला चांगला बोलका निघाला. "या मावशी, सावलीत बसा," म्हणाला आणि तिनं बसायच्या आत विटा तपासायला लागला. एक वीट उचलायची, दुसरीवर ठोकायची, कान लावायचा, बाजूला ठेवायची. भट्टीवालीच्या भट्टीवर येऊन वीट ठोकून बघायची कुणाची छाती नव्हती. एका कंत्राटदारानं ठोकली होती, तर तिनं त्याच्या गाडीतल्या सगळ्या विटा परत उतरवून घेतल्या होत्या. इथं ती गप्प उभी राहून टण्‌ टण्‌ ऐकत होती. एक वीट त्यानं नापसंत करून तिच्या पायाशी ठेवली.

"ही जरा बद्द वाजते, मावशी."

"तुझ्या टाळक्यावर वाजवून बघ, छान वाजेल."

बाकावरची माणसं हसली. तिथंच शेवटी तिचा लेक बसला होता. लावायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं, तरी येऊन बसला होता. "ढगोबा, आईसाहेब आल्या!" कुणीतरी त्याला कोपरानं ढोसलं. ढगोबा. आईनं ठेवलेलं नाव इथं कुणाला माहीतही नव्हतं.

ती ताडपत्री गाडीवर चढवून निघणार, एवढ्यात उजेड मंदावला. ढग आला. बाक एकदम शांत झालं. चहाचे पेले हातात तसेच राहिले. पत्र्यावर टपटप सुरू झाली, चार दाणे फेकावेत तशी. पत्र्यावरून एक ओली रेघ सरकत सरकत पन्हळीच्या ओठापर्यंत आली. तिथं थेंब धरला. फुगला. लोंबला. त्यात सगळं दुकान उलटं दिसत होतं.

भट्टीवालीनं लेकाकडे बघितलं. घरी हा माणूस झोपेत असल्यासारखा असायचा. विटांच्या मातीचा गारा तुडवताना, जेवताना, बायकोशी बोलताना डोळ्यांवर साय धरलेली. इथं तो जागा होता. नखशिखांत जागा. लहानपणी पहिल्यांदा भट्टी पेटताना बघितली होती तेव्हा असा दिसला होता.

वाऱ्याची झुळूक आली. थेंब पन्हळीला चिकटून मागं सरकला आणि पत्र्याच्या कडेनं भिंतीवर उतरला. घमेलं कोरडंच. बाकावरून सुस्कारा निघाला, कुणी वारल्यासारखा.

भट्टीवाली गाडी ढकलत अर्ध्या वाटेवर आली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपली डाव्या हाताची मूठ अजून आवळलेलीच आहे. तिनं ती उघडून बघितली. आत नखांच्या खुणा होत्या.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली.

*

त्या दिवसापासून तिनं शिव्या द्यायचं थांबवलं आणि विचारायला सुरुवात केली. लेकाला शिव्यांची सवय होती, प्रश्नांची नव्हती. पहिले काही दिवस तो संशयानं बघायचा.

गाऱ्याच्या खड्ड्यात दोघं समोरासमोर माती तुडवत होती. माती, भुसा आणि पाणी. पाय वर काढताना चिखल सोडत नाही, प्रत्येक पाऊल मागून घ्यावं लागतं.

"जिंकलास की बरं वाटतं?" तिनं विचारलं.

त्यानं चार पावलं टाकली. "जिंकलं की संपतं."

"म्हणजे?"

"म्हणजे संपतं, आई. थेंब पडला, पैसे हातात आले, झालं. मग पुन्हा दुसरा ढग हवा असतो."

"आणि हरलास की?"

"तरी पुन्हा ढगच हवा."

"मग मजा कुठं आहे, मेल्या? जिंकण्यात नाही, हरण्यात नाही."

तो तुडवायचा थांबला. छातीच्या खाली, पोटाच्या वर त्यानं चिखलाचा हात ठेवला. तिथं पंजा उमटला. "ढग आला आणि थेंब अजून पडला नाही, तेवढ्यात इथं कुणीतरी दिवा लावतं. बाकीच्या वेळी अंधार असतो असं नाही, पण... पण दिवा नसतो."

भट्टीवालीला हे समजलं असं नाही. पण ते खोटं नव्हतं एवढं कळलं. लेक तिच्याशी इतकं लांब वाक्य कितीतरी दिवसांत बोलला नव्हता. ती त्याच्या पोटावरच्या पंजाकडे बघत राहिली आणि मग तिच्या डोक्यात ती कल्पना आली. माणूस चार भट्ट्या चालवून बसला की त्याला वाटतं, आग म्हणजे आपल्या परसातली कोंबडी.

"मग तो दिवा घरीच लाव की," ती म्हणाली. "माझ्याशी खेळ."

"काय?"

"पाऊस येणार की नाही. तू सांग, मी सांगते. पैसा नाही, वस्तू नाही. जो हरेल त्यानं दुसऱ्याच्या वाटचं पाणी भरायचं. सायकलवाल्याचं तोंड तरी बघायला नको."

त्याचा चेहरा पडला. "नको आई. हे मिठासारखं चिमटीनं मोजून घेता येत नाही."

"तू मला शिकवणार? मी तुझी आई आहे की तू माझा बाप?"

"तुला नाही माहीत ते."

"म्हणूनच म्हणते, माहीत करून घेते."

सून खड्ड्याच्या काठावर भुशाचं टोपलं घेऊन उभी होती. तिनं टोपलं जरा जोरात आपटलं.

*

घराच्या पत्र्याखाली एक परात ठेवली गेली. पन्हळीतून थेंब परातीत पडला तर पाऊस. नियम तेच.

पहिल्या दिवशी भट्टीवाली जिंकली. लेकानं तिच्या वाटचं पाणी भरलं आणि ती खोपटाच्या दारात बसून बघत राहिली, पाटलिणीसारखी. दुसऱ्या वेळीही जिंकली. मग हरली, पण ते वाऱ्यामुळं, तिच्यामुळं नाही. तिला कळायला लागलं होतं ना. मुंग्या अंडी घेऊन कुठल्या बाजूला निघाल्या, धूर सरळ जातो की लोळतो, गुडघा कोणत्या अंगानं दुखतो. मुंग्या ती पूर्वीही बघायची, विटा झाकायच्या म्हणून. आता विटांची आठवण मागाहून यायची.

लेक खरंच सायकलवाल्याकडे जायचा कमी झाला. ती हे सुनेला रोज ऐकवायची. "बघ. मी म्हटलं नव्हतं?"

"म्हटलं होतंत."

"मग तोंड का असं?"

"काही नाही. तुम्ही सकाळी चूल पेटवायच्या आधी बाहेर जाऊन आलात."

"मग? आभाळ बघू नको?"

"बघा की. भाकर करपली एवढंच सांगितलं."

पाणी भरण्यावरून डाव पाय दाबून घेण्यावर गेला, पायांवरून शेण-मातीच्या कामावर, मग सरपण फोडण्यावर. लहान डावात चव राहत नव्हती. ढग आलाच नाही तो दिवस तिला अळणी वाटायचा. कोरडं, निळं, विटांना सोन्यासारखं आभाळ, आणि ती कुरकुरायची. एकदा लेकानं ते बघितलं. नजर वळवली, आपलाच उघडा पडलेला अवयव दिसावा तशी.

मग तो दिवस आला. भट्टी रचायला पुरतील एवढ्या विटा खळ्यात वाळत आल्या होत्या. दोन दिवस ऊन मिळालं की थप्पी, मग भट्टी, मग आग. अख्ख्या हंगामाची पाठदुखी तिथं ओळीनं उभी होती. दुपारी मावळतीकडून काळं डोकं वर निघालं. ताडपत्री खोपटाच्या दारात घडी घालून ठेवलेली होती.

"नाही येत," भट्टीवाली म्हणाली.

"येतो," लेक म्हणाला.

"काय लावतोस?"

तो मान हलवत होता. "आज नको. आज विटा आहेत."

पण तिच्या पोटात दिवा लागला होता आणि त्याच्या उजेडात तिला एक फार मोठी गोष्ट दिसली. इतकी मोठी की आधी कशी दिसली नाही याचं आश्चर्य वाटलं. "ऐक. आज पाऊस नाही आला, तर तू आयुष्यात कधी कुठल्या डावाला हात लावायचा नाहीस. ना सायकलवाल्याकडे, ना घरी. मंजूर?"

"आणि आला तर?"

"आला तर... आला तर मी तुला कधीच काही विचारणार नाही. खुशाल जा, खुशाल खेळ. तोंडातून शब्द काढणार नाही."

त्याचे डोळे तिच्यावर खिळले. साय उतरली होती. "मंजूर," तो म्हणाला, आणि तो शब्द त्याच्या तोंडून निसटल्यासारखा निघाला.

सून खळ्यातून पळत आली. "चला, धरा एक टोक! काय उभे राहिलात?"

"राहू दे," भट्टीवाली म्हणाली. "येत नाही तो."

"आत्याबाई, मावळती बघा जरा!"

"बघितली. मुंग्या बघितल्या, धूर बघितला. हा ढग वांझ आहे. आणि आत्ता झाकलं की तो मुद्दाम येईल. मला माहीत आहे."

"मुद्दाम येईल?" सुनेनं परक्या बाईकडे बघावं तसं सासूकडे बघितलं. मग तिनं स्वतःच ताडपत्रीला हात घातला. ओली नसतानाही ती दोन माणसांची वस्तू होती. लेक भानावर आला. त्यानं दुसरं टोक धरलं. पाऊस येणार म्हणून डाव लावलेला माणूस, आणि तोच पावसाच्या आडवा जायला ताडपत्री ओढत होता.

भट्टीवाली घडीवर बसली.

चांगली फतकल मारून, दोन्ही हात टेकून बसली. "झाकायचं नाही!" ती म्हणाली. "झाकलं तर डाव मोडला. तुझ्या भल्यासाठी लावलाय मी!"

"आई, ऊठ."

"नाही येत पाऊस!"

"आई, ऊठ, पाया पडतो!"

त्यानं ताडपत्री खेचली तशी ती तिच्यासकट हातभर सरकली. सून रडतही होती आणि ओढतही होती. पहिला थेंब भट्टीवालीच्या मनगटावर पडला. तिनं तो पदरानं पुसला. दुसराही पुसला. आणि मग मोजण्यासारखं, पुसण्यासारखं काही उरलं नाही. सर आडवी आली.

ताडपत्री खळ्यात पोचली तेव्हा झाकायला विटा नव्हत्या. कडेच्या ओळी खाली बसल्या होत्या, मधल्यांचे कोपरे गोल झाले होते, आणि तांबडं पाणी ओळींमधून वाट काढत गाऱ्याच्या खड्ड्याकडे परत निघालं होतं. घराकडे पन्हळ परातीत धो धो वाजत होती.

भट्टीवालीनं लेकाकडे बघितलं. तो जिंकला होता. पाणी निथळणाऱ्या त्या तोंडावर क्षणभर उजेड दिसला, आणि लगेच त्यानं तो दोन्ही हातांनी झाकला. पण तिला त्याचं नवल वाटलं नाही. तिला स्वतःचं वाटलं. समोर हंगाम वाहून चालला होता, आणि तिच्या डोक्यात विटा नव्हत्या. तिच्या डोक्यात होतं की वारा जरा उत्तरेचा असता तर. की अगदी थोडक्यात गेलं.

"उद्या बघ तू," ती मोठ्यानं म्हणाली.

सुनेनं रडायचं थांबवलं. लेकानं तोंडावरचे हात काढले. पावसात तिघं एकमेकांकडे बघत उभी राहिली, आणि भट्टीवालीनं आपलंच तोंड मुठीनं दाबून धरलं, आतून आणखी काही निघू नये म्हणून.

*

मातीचं एक बरं असतं, ती रुसत नाही. वाहून गेलेला गारा खड्ड्यात पुन्हा ओढला, भुसा टाकला आणि पुन्हा तुडवायला घेतला. हंगाम मागं पडला तो पडलाच. पण त्याबद्दल घरात कुणी भांडलं नाही. सुनेनं परात उचलून आत नेली, त्यात कणीक मळली आणि जेवण झाल्यावर सांगितलं, "आता ताडपत्री माझी. ढग दिसला की मी झाकणार. तुम्हा दोघांना विचारणार नाही, आणि तुम्ही दोघांनी मला सांगायचं नाही."

भट्टीवालीच्या घरात असं बोलायची कुणाची टाप नव्हती. लेकानं आईकडे बघितलं. आईनं पाण्याचा तांब्या उचलला. "आणि दोरी?" तिनं विचारलं.

"दोरीही माझी."

"बरं."

डाव हरली होती म्हणून भट्टीवाली लेकाला काही विचारत नव्हती. तो संध्याकाळी उशिरा आला की तिच्या जिभेवर प्रश्न यायचे आणि दातांवर आपटून परत जायचे. तिला वाटलं नव्हतं की न बोलण्याला एवढे कष्ट पडतात. गारा तुडवणं सोपं. एकदा तो असाच आला, पाय धुतले, तिच्याजवळ बसला. ती भाजीची देठं मोडत राहिली.

"तिकडं गेलो होतो," तो आपणहून म्हणाला.

तिनं देठ मोडलं.

"लावलं."

आणखी एक देठ.

"थोडंच. हरलो." तो थांबला. "तू विचारत नाहीस तर सांगावंसं वाटतं. विचारायचीस तेव्हा खोटं सुचायचं."

"मला एक सांगू का?" ती म्हणाली. "विचारत नाही, सांगतेय."

"सांग."

"काल ढग आला होता तेव्हा मी न्हाणीत जाऊन दार लावून बसले होते. बादली उलटी करून. का, माहीत आहे ना?"

तो हसला नाही. त्यानं आईच्या मांडीवरची देठं घेतली आणि मोडायला लागला. "मी पण बसू का?" त्यानं विचारलं. "पुढच्या वेळी."

"न्हाणीत दोघं मावणार नाही. खोपटात बसू."

असं ते सुरू झालं. ढग दिसला की सून ताडपत्री ओढायची, शेजारची बाई दुसरं टोक धरायला यायची, आणि ही दोघं मायलेकरं खोपटात जाऊन दाराकडे पाठ करून बसायची. दिवस मावळेपर्यंत. शेजारीण म्हणाली, "हे काय, शाळेत शिक्षा झाल्यासारखं?" भट्टीवालीनं तिला एकच शिवी दिली, पण ठेवणीतली दिली. कधी लेक उठून जायचा. बसतो बसतो म्हणायचा आणि उठून जायचाच, मग ती एकटी बसायची, त्याच्या वाटचीही. तो परत आला की सांगायचा. कधी तिचीच मान वळायची आणि तो म्हणायचा, "आई, भिंत बघ." ती भिंत बघायची. भिंतीच्या विटा तिच्याच हातच्या होत्या. त्यांतली एक वाकडी बसवलेली तिला इतक्या वर्षांत आत्ता दिसली.

भट्टी रचायच्या आदल्या दिवशी पुन्हा मावळती काळी झाली. खळं झाकून झालं होतं. दोघं आत होती. खोपटात माती आणि धुराचा वास, आणि बाहेर ताडपत्री वाऱ्यानं फडफडत होती. मग फडफड थांबली आणि कशाचा तरी आवाज सुरू झाला. टप. टप टप. पाऊस असेल. वाऱ्यानं उडालेली खडी असेल. बाभळीच्या शेंगा असतील.

भट्टीवालीच्या पोटात, बरोबर तिथं, कुणीतरी काडी ओढली. पंचावन्न पावसाळे बघितलेली बाई, आणि एका थेंबासाठी जीव नुसता तडफडत होता. बघितलं तर काय होणार होतं? विटा झाकलेल्या आहेत. डाव लावलेला नाही. नुसतं बघायचं.

तिचा खांदा वळला. लेकानं तिचं मनगट धरलं. त्याचा पंजा घामानं ओला होता. तिला धरून ठेवण्यासाठी धरला होता की स्वतःला, ते तिला कळलं नाही. तिनं दुसरा हात त्याच्या हातावर ठेवला आणि दाबला.

टप. टप.

"काय असेल गं?" तो कुजबुजला.

"तुझी बायको शेंगदाणे पाखडत असेल," ती म्हणाली.

तो हसला. हसताना मनगटावरची पकड सैल झाली नाही.

बाहेर पावलं वाजली. सून खोपटाच्या उंबऱ्यापाशी येऊन थांबली. तिच्या अंगाकडे बघितलं असतं तर सगळं कळलं असतं. दोघांनी एकाच वेळी डोळे मिटून घेतले.

"आत येऊ का?" सुनेनं विचारलं.

"ये," भट्टीवाली म्हणाली. "पण कोरडी आहेस की ओली, ते सांगू नकोस."